अमरजोत साहेबांची दाढी

दोन हजार तीन सालच्या मार्चमध्ये माझी पोस्टिंग चेन्नईला आली. हुद्दा हवालदार, काम ड्रिल उस्ताद, जागा अधिकारी घडवणारी अकादमी. मी मूळचा लातूरकडचा. मूव्ह ऑर्डर हातात पडली तेव्हा आमची पलटण डोंगरावर गुडघाभर बर्फात होती. कंपनीचे सुभेदार साहेब म्हणाले, "जा, जरा गरम हो." चेन्नई सेंट्रलला सकाळी सहाला उतरलो आणि प्लॅटफॉर्मवरच शर्ट पाठीला चिकटला. तो पुढची तीन वर्षं सुटला नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला स्वतःला आयुष्यात एक दिवस दाढी नव्हती. शीख जवान सोडले तर आमच्या फौजेत दाढी सहसा चालत नाही. पहाटे चारला उठायचं, गुळगुळीत घोटायची, मिशीला पीळ द्यायचा आणि बाहेर पडायचं. तरीसुद्धा आज आमच्या सोसायटीतले आयटीवाले दाढ्या राखून मला विचारतात, काका, तेल कोणतं लावू, वॅक्स कोणतं घेऊ. मी सांगतो, आणि बरोबर सांगतो. बिनदाढीच्या माणसाला हे ज्ञान कुठून आलं, हे मात्र कोणी विचारत नाही. म्हणून लिहायला बसलो.

अकादमीतला दिवस घड्याळावर चालायचा. ०४३० ला रूझ, म्हणजे उठण्याचा बिगुल. ०५३० ला फॉल इन, म्हणजे रांगेत हजर. ०६०० ते ०८०० ड्रिल स्क्वेअरवर परेड. शिकणाऱ्यांना जी.सी. म्हणायचे, म्हणजे जेंटलमन कॅडेट. आम्ही उस्ताद लोक त्यांना 'साहेब' म्हणायचो आणि साहेब म्हणूनच रगडायचो. "साहेब, पाय उचलतोय का शेणातून काढतोय?" असं अदबीनं विचारायचं. काही महिन्यांनी तोच माणूस खांद्यावर स्टार लावून समोर येणार आणि मीच त्याला सॅल्यूट करणार, हे दोघांनाही माहीत असायचं. त्यामुळे रगडण्यात कसूर नसायची आणि रागही नसायचा.

जी.सी. अमरजोत सिंग माझ्या कंपनीत होते. गुरदासपूरकडचं गाव. वडील फौजेतूनच सुभेदार म्हणून निवृत्त. सहा फूट दोन इंच उंची, सरळ पाठ, बोलणं कमी. मी त्यांना राईट मार्कर केलं होतं. परेडमध्ये उजव्या टोकाला जो उभा असतो तो राईट मार्कर. सगळी रांग त्याच्याकडे बघून सरळ होते. तो वाकडा तर कंपनी वाकडी. अमरजोत साहेब कधी वाकडे झाले नाहीत. त्यांची अडचण एकच होती, दाढी.

शीख जवानाची दाढी म्हणजे रोजचं एक कामच असतं. मी तोवर ते लांबून पाहिलं होतं. आधी विंचरायची. मग फिक्सो लावायचा. फिक्सो म्हणजे दाढी बसवायचा जेल, शिखांच्या पलटणीत तो रेशनाइतकाच लागतो. मग केस वर गुंडाळून हनुवटीखाली दाबायचे आणि वरून ठाठी बांधायची. ठाठी म्हणजे कापडाची पट्टी, हनुवटीखालून डोक्यावर नेऊन गाठ मारायची. अर्ध्या तासानं सोडली की दाढी एखाद्या लाकडी ठोकळ्यासारखी बसते. थंड, कोरड्या हवेत ती संध्याकाळपर्यंत हलत नाही.

चेन्नईत ती सात वाजेपर्यंत टिकायची. त्यानंतर घाम यायचा, फिक्सो पाघळायचा, आणि आठच्या सुमाराला राईट मार्करच्या हनुवटीवर केस सुटून वाऱ्यावर डोलायचे. समोर सलामी मंचावरून बघणाऱ्याला आधी तेच दिसणार.

"साहेब, दाढी ढिली आहे."

"येस, उस्ताद."

"उद्या ढिली दिसता कामा नये."

"येस, उस्ताद."

दुसऱ्या दिवशी पुन्हा ढिली. मी त्यांना स्क्वेअरभोवती रायफल डोक्यावर धरून पाच चकरा मारायला लावल्या. त्यांनी मारल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आता माझा स्वभाव असा की, समोरच्याला जमत नसेल तर मला जमतं हे दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. बायको सुमन याला 'नको तिथं मुकादमी' म्हणते. रविवारी मी ब्रॉडवेच्या बाजारात गेलो, केस बसवायचा एक स्प्रे आणला. दुकानदार म्हणाला होता, सिनेमावाले वापरतात, दगड होतो केसांचा. झाकण उघडलं की स्पिरिटचा वास यायचा. मी तो अमरजोत साहेबांच्या हातात दिला आणि ऑर्डर दिली. फिक्सो दुप्पट. वरून हा स्प्रे. ठाठी अर्धा तास नाही, रात्रभर.

ते एवढंच म्हणाले, "उस्ताद, घरी आम्ही ठाठी ओल्या दाढीवर रात्रभर ठेवत नाही."

"घर गुरदासपूरला आहे, साहेब. परेड इथं आहे."

"येस, उस्ताद."

उस्तादाचा शब्द म्हणजे शब्द. त्यांनी तो पाळला. आठवडाभर दाढी खरोखर दगडासारखी राहिली. कंपनी कमांडरनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी खूश होतो. पासिंग आऊट परेडला अडीच आठवडे राहिले होते.

त्या वर्षी चेन्नईत पाण्याचे हाल होते. शहरात लोक प्लास्टिकच्या रंगीत घागरी घेऊन टँकरमागे धावत. अकादमीत टँकर यायचा, पण आंघोळीला बोअरचं पाणी. खारट, जड. साबणाला फेस येत नसे, नुसता पांढरा थर अंगावर बसे. माणशी दोन बादल्या. त्यात कपडे धुवायचे, आंघोळ करायची आणि अमरजोत साहेबांना दाढीतला दोन थरांचा चिकटा काढायचा. तो निघत नव्हता. त्याच्यावरच दुसऱ्या दिवशी नवा थर चढत होता. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत करून घेणं माझं काम होतं.

शुक्रवारी सकाळी रिहर्सल होती. ०६४० ला मी रांगेवरून नजर फिरवली तेव्हा राईट मार्करच्या पांढऱ्या कॉलरवर डाव्या बाजूला लाल डाग दिसला. जवळ गेलो. डाग वाढत होता.

"साहेब, हे काय?"

"काही नाही, उस्ताद."

"हनुवटी वर करा."

त्यांनी केली. दाढीखालून रक्त आणि पू मिळून गळ्यावर ओघळत होता. अंगाला हात लावला तर तापानं भाजत होतं. तरी मनुष्य सावधानमध्ये उभा. मी त्यांना फॉल आऊट केलं आणि स्वतः एम.आय. रूमला, म्हणजे आमच्या दवाखान्यात घेऊन गेलो.

तिथल्या डॉक्टर मेजर मॅडम इथल्याच, मैलापूरच्या. बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांनी हातमोजे घातले, कोमट पाण्यानं दाढी सोडवली, केस बाजूला करून पाहिलं. दोन्ही जबड्यांखाली केसांच्या मुळाशी फोडच फोड. मधली कातडी लाल, सोललेली, वरून बुरशी.

"हे काय लावलंत?" त्यांनी अमरजोत साहेबांना विचारलं.

"मॅडम, फिक्सो."

"फिक्सोनं असं होत नाही. मी शंभर शीख जवान पाहिलेत. आणखी काय?"

अमरजोत साहेब समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. उस्तादाचं नाव घ्यायला तयार नाहीत. मी सावधान झालो आणि म्हणालो, "मॅडम, स्प्रे मी दिला. दुप्पट फिक्सो आणि रात्रभर ठाठी, दोन्ही ऑर्डर माझ्या."

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग गोळ्या लिहिल्या, लोशन लिहिलं आणि म्हणाल्या, "औषध कातडीपर्यंत गेलं पाहिजे. एवढ्या केसांत ते वरच अडकेल. एकच उपाय आहे. दाढी काढायची."

"नाही, मॅडम," अमरजोत साहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता.

"मग हॉस्पिटल. पंधरा दिवस किमान. तुमचे ट्रेनिंगचे दिवस बुडाले की रेलिगेशन. कळतंय?"

रेलिगेशन म्हणजे एक टर्म मागे. बरोबरचे सगळे अधिकारी होऊन निघून जातात आणि तुम्ही धाकट्या कोर्सबरोबर पुन्हा सहा महिने तोच स्क्वेअर तुडवता. फौजेत सीनियॉरिटी आयुष्यभर मोजली जाते. घरच्यांनी तिकिटं काढलेली असतात. त्या शब्दानं चांगले चांगले जी.सी. रडताना मी पाहिलेत.

अमरजोत साहेब म्हणाले, "मॅडम, रेलिगेशन चालेल. वस्तरा चालणार नाही."

मला त्या क्षणी माझी लाज वाटली. चूक माझी, आणि किंमत हा माणूस एका वाक्यात चुकवून मोकळा होत होता.

मी म्हणालो, "मॅडम, औषध कातडीपर्यंत पोचवण्याची जबाबदारी माझी. मला सोमवारपर्यंत वेळ द्या."

"तुम्ही नर्सिंग असिस्टंट आहात?"

"नाही, मॅडम. शेतकऱ्याच्या घरचा आहे. तासातासानं पाणी द्यायचं मला कळतं."

त्या हसल्या नाहीत. पण त्यांनी साहेबांना एम.आय. रूममध्येच बेडवर घेतलं आणि कागदावर लिहिलं: सोमवार, ०८००, पुन्हा तपासणी. "पू थांबला नाही तर मी तुमचं काही ऐकणार नाही," त्या म्हणाल्या. माझ्यापाशी तीन दिवस होते.

लोशन एम.आय. रूममध्ये संपलं होतं. त्याच दुपारी सुट्टी टाकून मी बसनं तिरुवल्लिकेणीला गेलो. तिथल्या एका गल्लीत औषधांचं जुनं दुकान होतं, गोविंदरावांचं. गोविंदराव तंजावरकडचे मराठी. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज तिकडे गेले ते गेलेच. त्यांची मराठी जुन्या कागदातून उठून आल्यासारखी आणि चाल तमिळ. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी माझं बोलणं ऐकून मला खुर्ची दिली होती. सत्तरीचे, कपाळाला गंध, चष्मा दोऱ्यानं बांधलेला.

मी चिठ्ठी पुढे केली आणि सगळं सांगितलं. त्यांनी बाटली काढली, पण हातात ठेवली नाही.

"तुम्ही त्यांस धुतां कशानें?"

"साबणानं."

"तण्णी कसलें आहे तिथें? बोअरचें?"

"हो. पाणी खारट आहे."

"मग साबण त्यांत विरघळत नाहीं हो. थर बसतो. त्या थरावर तुमचा फिक्सो, त्यावर तुमचा तो स्प्रे. औषध कोणास लागेल? थरास." त्यांनी चष्मा वर केला. "माणूस दुकानांत येतो नि विचारतो, चांगलें तेल कोणतें? मी म्हणतो, तुझें पाणी कोणतें तें आधीं सांग."

हे वाक्य मी पाठ केलं आहे. आजही कोणी दाढीचं सामान विचारलं की मी आधी हेच विचारतो.

मग त्यांनी एकेक सांगितलं आणि मी पॉकेट बुकात लिहून घेतलं. साबण बंद. बुरशीवरचा औषधी शाम्पू, तोही पिण्याच्या कॅनच्या पाण्यानं, बोअरच्या नाही. स्पिरिटचं काही असेल ते फेकून द्यायचं, कारण ते कातडी कोरडी करून फाडतं. मी विचारलं, खोबरेल लावू का, थंडावा मिळेल. म्हातारा एवढा वेळ शांत होता, तो भडकला.

"अयो, तेल नको! बुरशीस तेल म्हणजे पंगत बसवली तुम्हीं. कातडी बरी होऊं द्या. मग दोन थेंब, तेही शेंड्यांस, मुळांस नव्हे."

निघताना त्यांनी एक बारीक दातांची लाकडी फणी दिली. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "पलटणींतल्या माणसाचे नकोत."

शुक्रवार संध्याकाळपासून काम सुरू झालं. सकाळी सहा, दुपारी दोन, संध्याकाळी सात. मी एम.आय. रूममध्ये जायचो. कॅनचं पाणी कोमट करून दाढी धुवायची, औषधी शाम्पू पाच मिनिटं ठेवून पुन्हा धुवायची. मग सुक्या फडक्यानं टिपायची, चोळायची नाही. पंख्याखाली पूर्ण वाळू द्यायची. त्यानंतर फणीनं भांग पाडायचा, कातडीची एक रेघ उघडी करायची, कापसाच्या बारीक बोळ्यानं त्या रेघेवर लोशन सोडायचं. मग शेजारचा भांग. मग त्याच्या शेजारचा. एका वेळेला पाऊण तास लागायचा. पहिल्या दिवशी धुतलेलं पाणी दुधासारखं पांढरं निघालं. तो सगळा थर होता.

जो माणूस इतके महिने माझ्या शिव्या खात होता, त्याची हनुवटी धरून मी पाऊण पाऊण तास बसायचो. दोघांनाही अवघडल्यासारखं व्हायचं.

"दुखतंय का, साहेब?"

"नो, उस्ताद."

"खोटं बोललात तर पाच चकरा."

"दुखतंय, उस्ताद."

शनिवारी मी विचारलं, "तुम्ही मला सांगितलं होतं की ओल्या दाढीवर रात्रभर ठाठी ठेवत नाहीत. मी ऐकलं नाही. तुम्ही पुन्हा का नाही बोललात?"

ते म्हणाले, "वडील सांगतात, उस्तादाला एकदा सांगावं. दोनदा सांगितलं की तो वाद होतो."

"तुमच्या वडिलांना माझा राम राम सांगा. आणि सांगा की, उस्ताद गाढव असेल तर तीनदा सांगावं."

ते हसले. हसताना फोड ताणले गेले असणार, डोळ्यांत पाणी आलं. पण हसले.

घरी वेगळंच रामायण चालू होतं. सुमननं फोडांचं ऐकलं आणि जवसाचं पोटीस शिजवायला घेतलं. आमच्याकडे गळवावर जवसाचं पोटीस बांधतात. मी म्हणालो, मॅडमनी दिलेल्या औषधाशिवाय काही लावायचं नाही. ती म्हणाली, "स्प्रे लावताना मॅडमला विचारलं होतं का?" मी गप्प बसलो. नवऱ्यानं कधी गप्प बसावं, हे मला उशिरा पण नीट कळलं आहे.

पोटीस तसंच पातेल्यात राहिलं. रविवारी दुपारी ती भांडी घासत होती. म्हणाली, "अहो, इकडं या. हे बघा."

पातेल्याच्या कडेला जवसाच्या पाण्याचा ओघळ वाळून कडक झाला होता. तिनं त्यावर चमचाभर कॅनचं पाणी टाकलं आणि बोट फिरवलं. सगळं बुळबुळीत होऊन सुटून आलं. घासावं लागलं नाही.

"तुमचा तो फिक्सो असा सुटतो का?" तिनं विचारलं.

मी जागेवर उभा राहिलो. वाळलं की धरतं, पाण्यानं सुटतं, स्पिरिट नाही, तेलाचा चिकटा नाही. आणि आमच्या मातीतलं. तिनं मूठभर जवस पुन्हा उकळायला टाकलं, गरम असतानाच मलमलच्या फडक्यातून गाळलं. अंड्याच्या पांढऱ्यासारखा रस निघाला. दाढी मला नाही, म्हणून मी तो मिशीला लावला, पीळ दिला, वाळू दिला आणि भर तीन वाजता उन्हात क्वार्टर्सच्या रस्त्यावर तासभर पळालो. परत आलो तेव्हा बनियन पिळून निघत होता. मिशी जागच्या जागी.

सुमन दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. शेजारची तमिळ बाई तिला काहीतरी विचारत होती. काय विचारत होती ते मला समजत होतं.

सोमवारी ०८०० ला मॅडमनी हातमोजे घातले. एकेक भांग उघडून बघितला. पू थांबला होता. ताप शनिवारीच उतरला होता. लाली होती, पण कोरडी. त्यांनी हातमोजे काढून ठेवले.

"हे भांग कोणी पाडले?"

"मी, मॅडम."

"किती वेळ लागतो?"

"पाऊण तास. दिवसातून तीनदा."

त्यांनी चिठ्ठी लिहिली. दहा दिवस ठाठी बंद, फिक्सो बंद, दाढी मोकळी ठेवून फक्त जाळी. ट्रेनिंगला परवानगी. मग मी जवसाची बाटली पुढे केली आणि परेडच्या दिवसासाठी विचारलं. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, मनगटावर लावून बघितलं. "आधी हाताच्या कातडीवर दोन दिवस. काही झालं नाही तर फक्त केसांवर, मुळापासून दोन बोटं सोडून. परेड संपली की लगेच धुवायचं. आणि हवालदार," त्या म्हणाल्या, "रोज ताजं करा. हे नासतं."

"येस, मॅडम."

बाहेर आल्यावर अमरजोत साहेब थांबले. म्हणाले, "थँक यू, उस्ताद."

मी म्हणालो, "साहेब, माफी मागायची माझी पाळी आहे. ती मागतो. आता डबल मार्च. स्क्वेअरवर कंपनी वाट बघतेय."

दहा दिवस राईट मार्कर जाळी लावून उभा राहिला. दुसऱ्या कंपनीचे उस्ताद मला चिडवायचे, तुझा मार्कर मासे धरायला निघाला का. मी ऐकून घेतलं.

परेडच्या दिवशी सुमन पावणेचारला उठून जवस उकळत होती. साहेबांनी साडेचारला दाढी बसवली, मी फक्त बघत उभा राहिलो. ठाठी वीस मिनिटं, कोरड्या दाढीवर. परेड सव्वादोन तास चालली. ऊन होतं, घाम होता, समुद्राकडून खारं वारं होतं. राईट मार्करचा एक केस हलला नाही. कंपनीची रांग दोरी मारल्यासारखी गेली. आयुष्यात मी बऱ्याच परेडी केल्या, पण इतकी छाती त्याआधी आणि नंतर कधी फुगली नाही.

दुपारी त्यांच्या वडिलांनी त्यांच्या खांद्यावर स्टार लावला. सुभेदार कर्तार सिंग, पांढरी दाढी, छातीवर मेडल. मग लेफ्टनंट अमरजोत सिंग सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी कडक सॅल्यूट केला. त्यांनी घेतला. मग खाली वाकून सुमनच्या पाया पडले. ती लाजून मागं सरली.

त्यांना शिखांची पलटण मिळाली. त्या कोर्समधून त्या पलटणीत एकच जागा होती. दिवाळीला पत्र यायचं. एका पत्रात लिहिलं होतं, पलटणीच्या दुकानदाराकडून जवस मागवलंय, माझे निम्मे जवान आता तेच लावतात.

दोन हजार सहाच्या मार्चमध्ये मी पलटणीत परत गेलो होतो, नायब सुभेदार म्हणून. एका दुपारी अकादमीतल्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. काश्मीर खोऱ्यात एका नाल्यात घेराबंदी चालू होती. कॅप्टन अमरजोत सिंग पार्टीच्या पुढे होते. पहिली फायर त्यांच्यावर आली. त्यांना ओढून आडोशाला आणायला लान्स नायक सतनाम सिंग पुढे झाला, त्यालाही लागली. दोघंही गेले. फोन ठेवून मी स्टोअरमध्ये जाऊन दार लावलं आणि रडलो. मग १६०० ला माझी परेड होती, ती घेतली.

मे महिन्यात रजा मिळाली. मी गावी न जाता आधी गुरदासपूरला गेलो. गहू निघाला होता, शेतं मोकळी होती. कर्तार सिंग साहेबांनी मला अंगणात खाटेवर बसवलं, लस्सी दिली. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "साबत आया घर. मैंने खुद नहलाया. दाढी का एक बाल कम नहीं था. आपकी मेहरबानी, उस्ताद जी."

ते आभार मला झेपले नाहीत. दोन महिने जे पोटात होतं ते मी त्यांच्यासमोर बोललो. म्हणालो, साहेब, त्या वेळी मी मध्ये पडलो नसतो तर अमरजोत साहेब रेलिगेट झाले असते. सहा महिने उशिरा निघाले असते. दुसऱ्या कुठल्या तरी पलटणीत गेले असते. त्या दिवशी त्या नाल्यात नसते. त्यांना वेळेवर मी पाठवलं.

त्यांनी ऐकून घेतलं. माझा ग्लास रिकामा होता, तो उचलून बाजूला ठेवला.

"वो नहीं जाता तो उस दिन उस नाले में कोई और साब आगे होता," ते म्हणाले. "उसका भी बाप है कहीं. आज वो बैठा होता मेरी जगह. ये हिसाब मत करो, उस्ताद जी. इसमें कोई बाप नहीं बचता."

ते उठले, पागोटं सारखं केलं आणि ट्रॅक्टरची किल्ली घेतली.

"चलो. सतनाम का घर ग्यारह किलोमीटर है. मैं हर हफ्ते जाता हूँ. उसके बाप से कोई बात करनेवाला नहीं है."

सतनामचे वडील शेतमजूर होते, फौजेशी कधी संबंध न आलेले. घराच्या सावलीला जमिनीवरच बसले होते. कर्तार सिंग साहेब त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि माझी ओळख करून दिली, साब के उस्ताद हैं. त्यांनी सरकून मला जागा दिली. लान्स नायक सतनाम सिंग, वय चोवीस. कॅप्टन अमरजोत सिंग, वय सव्वीस. ऊन कलेपर्यंत आम्ही तिघं तिथं बसून होतो, आणि दोघांपैकी कोणाची तरी गोष्ट कोणी ना कोणी सांगत होतं.